आगमनकाळाची तयारी: आधी वही उघडा, मग मेणबत्ती लावा

प्रश्न एका ताईंचा आहे. माहेर सोलापुरातलंच, पण दुसऱ्या चर्चचं. पाच वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या ल्युथरन घरात आल्या. सासरच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या आधीचे, चार रविवार पाळतात. वेदीवर जांभळं कापड, दर रविवारी एक मेणबत्ती, हे त्यांना आवडतं. पण घराचं रंगकाम, फराळ, नव्या पेठेतल्या खेपा आणि कॅरलची जागरणं यांत महिना जातो आणि पंचवीस तारखेला सकाळी उपासनेत बसलं की मन कोरडंठाक. त्या विचारतात: "आत्मिक तयारी करा असं सगळेच सांगतात, ती करायची कशी हे कुणी सांगत नाही. उपास धरू का? पापांगीकार पाळकांकडे जाऊन करायचा असतो का? मुलांना काय सांगू?"

ताई, आधी माझ्याविषयी. मी पाळक नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून, म्हणजे मागांवर देखरेख करत, आयुष्य काढलं. आमची मंडळी लहान. पाळक बाहेरगावाहून महिन्यातून एकदा, फार तर दोनदा येतात. उरलेले रविवार आम्ही दोघं-तिघं मिळून चालवतो. असे छत्तीस आगमनकाळ झाले. त्यांतले निम्मे मी वाया घालवले, म्हणून बोलायचा थोडा अधिकार आहे असं समजा.

तुमच्या डिसेंबरात आधीच जागा नाही, त्यात मी आणखी चार कामं घालणार नाही. एकच सांगतो: पहिल्या रविवारच्या आधी आपला हिशेब देवापुढे उघडा आणि क्षमा कानांनी ऐका. मेणबत्ती, उपास, मुलांच्या गोष्टी हे सगळं त्याच्यामागून येऊ द्या. हा क्रम उलटा केला की काय होतं ते मी स्वतः भोगलंय, ते पुढे सांगतो.

माहेरी आगमनकाळ फारसा नव्हता याचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्या शहरातल्या बऱ्याच जुन्या प्रोटेस्टंट घरांची मुळं अमेरिकन मराठी मिशनमध्ये आहेत. ते मिशनरी काँग्रिगेशनल वळणाचे, म्हणजे प्रत्येक मंडळीनं आपला कारभार आपणच बघावा असं मानणारे, आणि त्यांचे पूर्वज प्युरिटन, म्हणजे साध्या उपासनेचा आग्रह धरणारे कडक इंग्रज प्रोटेस्टंट. त्या प्युरिटनांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ साजरा करण्यावरच बंदी घातली होती. पाळणारा सापडला तर पाच शिलिंग दंड. अशा घराण्याकडून आपल्याकडे उपदेश आला, शाळा आल्या, शास्त्र वाचायची गोडी आली. चर्चच्या वर्षाला मात्र त्यांच्या सामानात फारशी जागा नव्हती. सोळाव्या शतकात जर्मनीत चर्चची सुधारणा करणाऱ्या मार्टिन ल्युथरचं तसं नव्हतं. त्यानं बरंच मोडलं, पण चर्चचं पंचांग राहू दिलं. म्हणून आपल्याकडे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, आगमनाच्या पहिल्या रविवारी होतं. तो रविवार ३० नोव्हेंबरच्या सगळ्यांत जवळचा, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कधीही येतो. चौथा रविवार कधी कधी थेट २४ तारखेलाच पडतो, आणि त्या वर्षी सकाळी आगमनकाळ आणि संध्याकाळी नाताळ अशी सगळ्यांचीच धांदल उडते.

पहिल्या रविवारच्या पाठाकडे लक्ष द्या. नवीन माणूस गोठा, मेंढपाळ, तारा यांची वाट बघत बसतो आणि शास्त्रपाठ निघतो युगाच्या समाप्तीचा! तीन वर्षांच्या पाठक्रमात, म्हणजे कोणत्या रविवारी काय वाचायचं त्या यादीत, एका वर्षी मत्तय २४, दुसऱ्या वर्षी मार्क १३, तिसऱ्या वर्षी लूक २१. सूर्य अंधारेल, जागे राहा, तो घटका न कळता येईल. आमच्या एका आजीबाईंनी मला एकदा उपासनेनंतर बाजूला घेऊन विचारलं होतं, "चुकून दुसरंच पान उघडलंस का रे?" चुकून नव्हतं. आगमन तीन आहेत: प्रभू येशू देहात आला ते, तो शेवटी येईल ते, आणि तो आत्ता वचनात आणि प्रभुभोजनात येतो ते. आपण फक्त पहिल्याचा वाढदिवस करतो, म्हणून मन कोरडं राहतं. वाढदिवस दुसऱ्याचा असला की आपण पाहुणेच असतो ना.

जुन्या एक वर्षाच्या पाठक्रमात तर पहिल्या रविवारी मत्तय २१ आहे. प्रभू गाढवावर बसून यरुशलेमेत येतो तो पाठ, आपण झावळ्यांच्या रविवारी वाचतो तोच. ल्युथरनं त्यावर मोठा उपदेश लिहिला आणि त्यात तो 'तुझा राजा तुझ्याकडे येत आहे' या शब्दांपाशी बराच वेळ रेंगाळला. तू त्याला शोधत नाहीस, तो तुला शोधतो, असा त्याचा रोख. हे मनात धरून ठेवा, कारण तयारी हा शब्द फसवा आहे. तयारी म्हटलं की आपल्याला वाटतं आपण पायऱ्या चढून वर जायचंय. इथे खाली उतरणारा तो आहे. आपलं काम दाराला लावलेलं सामान हलवायचं.

आता सामान हलवायचं म्हणजे काय, तिथे येऊ.

ल्युथरच्या लहान प्रश्नोत्तरीत (विश्वासाचे धडे देणारी पुस्तिका, १५२९ ची) पापांगीकारावर, म्हणजे पापं कबूल करण्यावर, एक छोटा भाग आहे. दृढीकरणाच्या (मोठेपणी आपला विश्वास जाहीर करण्याच्या विधीच्या) वर्गात मुलं तो पाठ करतात आणि विसरतात. मला तो सगळ्या पुस्तकात व्यवहाराला धरून असलेला भाग वाटतो. कोणती पापं कबूल करायची, असा प्रश्न आहे, आणि उत्तरात तो तुम्हाला मनाच्या तळाशी बुडी मारायला सांगत नाही. तो म्हणतो, दहा आज्ञा समोर ठेव आणि तुझी जागा कोणती ते बघ. तू बाप आहेस की आई, मुलगा की मुलगी, मालक की नोकर? त्या जागेवर तू आज्ञा मोडलीस का, बेइमानी केलीस का, आळस केलास का? कुणाला शब्दानं किंवा हातानं दुखवलंस का? काही चोरलंस, हयगय केलीस, नुकसान केलंस?

एवढंच. मी दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शंभर पानी वहीत हे लिहितो. पानावर उभ्या रेघा मारतो आणि वर जागा लिहितो: नवरा, बाप, जॉबर, मंडळीचा वडील, शेजारी. आता निवृत्त झालो तरी जॉबरचा रकाना सोडलेला नाही, कारण जुनी काही देणी बाकी आहेत. कांड्या भरणाऱ्या बायकांवर मी ज्या आवाजात ओरडायचो तो आवाज मला आजही ऐकू येतो. तुमचे रकाने वेगळे असतील: सून, आई, बायको, नोकरी, खालच्या मजल्यावरच्या काकूंची शेजारीण. रकाने केले की 'मी फार पापी आहे' असं गोलमाल बोलता येत नाही. त्या गोलमाल बोलण्यासारखी सोयीची गोष्ट नाही. त्यात कुणाचंच नाव नसतं.

आणि उलट बाजूही सांगतो, कारण काही बाया-माणसं वहीची पानंच्या पानं भरतात आणि रडत बसतात. त्याच ठिकाणी ल्युथर लिहितो की पापं खोदून काढत बसू नकोस, नसलेली तर मुळीच नको. माहीत असलेली एक-दोन सांग, पुरे. १५३० च्या ऑग्सबर्ग मतांगीकाराच्या, म्हणजे ल्युथरनांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्याच्या, अकराव्या कलमातही हेच आहे: खासगी पापविमोचन (पाळकांनी एकेकाला क्षमा जाहीर करणं) मंडळीत राहू द्यावं, पण सगळ्या पापांची यादी म्हणून दाखवायची सक्ती नाही. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: पाळकांकडे जाऊन पापांगीकार करायची सक्ती नाही, सोय आहे. ती सोय आपण गंजवून ठेवली. 'ते कॅथलिकांचं' म्हणून कुणी कुणी नाक मुरडतात, त्यांना हे अकरावं कलम दाखवा.

करायचं असेल तर कसं? फोन करून वेळ मागा आणि कशासाठी ते स्पष्ट सांगा. नाही तर पाळकांना वाटतं घरातलं भांडण आहे आणि ते नवऱ्यालाही बोलावतात. चर्चमध्येच बसा, दार उघडं ठेवा, कुणाला तरी व्हरांड्यात दिसेल पण ऐकू येणार नाही असं बसवा. तिथे बोललेलं पाळक कुणापुढेही काढू शकत नाहीत, अगदी मंडळीच्या पंच कमिटीपुढेही नाही. वहीतल्या दोन ओळी वाचा. गोष्ट सांगू नका, कारण गोष्ट सांगताना आपण हळूच आपली बाजू लावून धरतो. मग पाळक विचारतात, माझी क्षमा ही देवाची क्षमा आहे असा तुझा विश्वास आहे का? हो म्हणा. ते डोक्यावर हात ठेवून क्षमा जाहीर करतात. पाच-सात मिनिटांचं काम. रविवारी सगळ्यांनी मिळून म्हटलेल्या पापांगीकारात देव कमी क्षमा करतो असं मुळीच नाही. पण तिथे शंभर जणांत आपण लपू शकतो, आणि इथे ते वाक्य फक्त आपल्याला उद्देशून असतं.

पाळक महिन्यातून एकदाच येत असतील, आमच्यासारखं, तर त्यालाही वाट आहे. १५३७ च्या श्माल्काल्ड कलमांत, म्हणजे त्याच्या विश्वासाच्या आणखी एका लेखात, ल्युथरनं सुवार्ता आपल्यापर्यंत कोणत्या वाटांनी येते ते मोजलंय: उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पापविमोचन, आणि शेवटी बंधुजनांचं आपसातलं बोलणं आणि सांत्वन. विश्वासातल्या एखाद्या पोक्त बाईकडे जा. तोंड बंद ठेवणारी बघा, हे मात्र प्रार्थनेपेक्षा आधी बघा.

आता माझी गोष्ट. बरीच वर्षं झाली. मंडळीची पेटी दुरुस्तीला दिली होती, भाता फाटला होता आणि तीन-चार सूर बसले होते. ज्या भावानं ते काम करून आणलं त्यानं दिलेला हिशेब मला पटला नाही. तीनशे चाळीस रुपयांचा फरक. मी कमिटीत सगळ्यांसमोर विचारलं, आणि ज्या स्वरात विचारलं त्या स्वराला उत्तर नसतं. तो उठून गेला. नंतर उपासनेला यायचा तो उशिरा, मागच्या बाकावर बसायचा आणि आशीर्वचनाच्या आधी निघून जायचा. असं दोन वर्षं. त्या दोन्ही वर्षी आगमनकाळात मी पहिली मेणबत्ती लावली, यशयाचा पाठ वाचला, बुधवारच्या संध्याकाळच्या प्रार्थना चालवल्या. सगळं वेळच्या वेळी. मन तुमच्यासारखंच कोरडं, आणि मी दोष देत होतो थंडीला, कॅरलला, पाळकांच्या लांबलेल्या उपदेशाला.

तिसऱ्या वर्षी वही लिहायला घेतली, 'मंडळीचा वडील' या रकान्याखाली काही सुचेना. शेवटी त्याचं नाव लिहिलं. आणि म्हटलं, निदान हिशेब तरी पुन्हा बघू. कपाटातून कमिटीची जुनी फाईल काढली, तर त्यात त्याची पावती होती. भात्याच्या चामड्याची वेगळी पावती, तीनशे चाळीस रुपयांची, टाचणी लावलेली. ती मी पाहिलीच नव्हती. दोन वर्षं माझ्याच कपाटात.

त्याच संध्याकाळी गेलो. तो दारात उभा, आत या म्हणेना. मी पावती पुढे केली. त्यानं ती हातात घेतली नाही, नुसती बघितली आणि म्हणाला, "ही मी तेव्हाच दिली होती." मी म्हटलं, हो. मला पुढचं वाक्य पाठ होतं, येताना रिक्षात तयार केलेलं, पण ते आलंच नाही. बराच वेळ दोघं तसेच उभे. मग आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "चहा टाकू का?" आणि तो म्हणाला, "टाक."

पुढच्या रविवारी तो पुढच्या बाकावर येऊन बसला वगैरे काही झालं नाही. बरेच महिने गेले. पण त्या वर्षी मेणबत्ती लावताना माझा हात थरथरला, एवढं खरं.

उपासाचं विचारलंत. धरायचा असेल तर जरूर धरा. जुन्या काळी पश्चिमेकडे सेंट मार्टिनच्या दिवसापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत उपास धरत असत. (ल्युथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ चा, बाप्तिस्मा दुसऱ्या दिवशी, म्हणून त्याचं नाव मार्टिन.) लहान प्रश्नोत्तरीत प्रभुभोजनाच्या भागात तो म्हणतो की उपास आणि शरीराची तयारी ही चांगली बाहेरची शिस्त आहे, पण खरा लायक तोच जो 'तुमच्यासाठी' या शब्दांवर विश्वास ठेवतो. म्हणजे शिस्त म्हणून उत्तम, कमाई म्हणून शून्य. मार्गशीर्षात शेजारच्या काकू गुरुवार धरतात आणि तुम्हाला विचारतात, तुमच्यात काय असतं? बुधवारी रात्रीचं जेवण सोडते असं सांगितलंत तर त्यांना ते पटकन कळेल. पण वाचलेल्या जेवणाचे पैसे वेगळ्या डब्यात टाका आणि नाताळच्या आधी कुणाच्या तरी घरी पोचवा. तुम्हाला साखर असेल, गोळ्या चालू असतील किंवा अंगावर पाजत असाल तर उपास नको. त्या ऐवजी बुधवारी रात्री मोबाईल बंद. तो उपास जेवणापेक्षा जड जातो, मी करून पाहिलाय.

रोजच्या प्रार्थनेविषयी. ल्युथरनं १५३५ मध्ये त्याच्या न्हाव्याला, पेटरला, एक पत्र लिहिलं, प्रार्थना कशी करावी म्हणून. त्यात तो एक साधी युक्ती देतो: आज्ञा घे आणि तिचे चार पदर कर. ही मला काय शिकवते, तिच्यासाठी मी आभार कशाचे मानू, तिच्यापुढे माझं काय चुकलं, आणि आता मी काय मागू. दुहेरी, चौपदरी सूत हाताळण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे लगेच कळलं. एकेरी धागा ताणाला टिकत नाही. आमच्या घरी त्या रविवारच्या शास्त्रपाठातली एकच ओळ घेऊन आठवडाभर हे चार पदर करतो. त्याच पत्रात आहे की न्हाव्यानं वस्तऱ्यावरून लक्ष काढून गप्पा मारल्या तर गिऱ्हाईकाचं नाक कापलं जाईल, तसंच प्रार्थनेतही. आमच्याकडे धागा तुटला आणि माग वेळेत थांबवला नाही तर चादरीत दोष पडतो, आणि तो धुतला तरी जात नाही.

वेळ? दहा मिनिटं. कारखान्याचं उदाहरण देतो. मागाच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, आम्ही ओठांवरून समजून घ्यायचो. पाळी सुटून बाहेर आलं तरी पहिली काही मिनिटं कान गुणगुणत राहतात, मग हळूहळू रिक्षाचा भोंगा, चहाच्या टपरीवरचा कप वाजल्याचा आवाज असं एकेक ऐकू येऊ लागतं. डिसेंबरातल्या घराचंही तसंच आहे. पहिली पाच मिनिटं प्रार्थना होतच नाही, नुसते कान गुणगुणतात. लोक त्या पाचव्या मिनिटालाच उठतात आणि म्हणतात, मला जमत नाही. बसून राहा. रात्रीच्या प्रार्थनेनंतर ल्युथर एक सूचना देतो ती मला फार आवडते: मग लगेच आनंदानं झोपी जा. उगाच लांबण लावायची नाही.

मुलांकडे येऊ. मेणबत्त्यांच्या चक्राचा जन्मच मुलांमुळे झाला. हॅम्बर्गमध्ये योहान हिन्रिख विखेर्न नावाचा ल्युथरन धर्मशास्त्री होता. त्यानं १८३३ मध्ये निराधार मुलांसाठी एक घर उघडलं. तिथली मुलं रोज विचारून भंडावून सोडायची, नाताळ आला का? नाताळ आला का? म्हणून १८३९ मध्ये त्यानं एक मोठं लाकडी चाक घेतलं, त्यावर वीस छोट्या लाल मेणबत्त्या वारांसाठी आणि चार मोठ्या पांढऱ्या रविवारांसाठी लावल्या, आणि रोज एक पेटवत गेला. त्या वर्षी पहिला रविवार १ डिसेंबरला होता, हिशेब बरोबर चोवीसचा बसतो. आशा, शांती, आनंद, प्रीती ही मेणबत्त्यांची नावं नंतरची. ती म्हणा, पण मुलांना आधी त्या प्रश्न विचारणाऱ्या पोरांची गोष्ट सांगा.

आमच्या घरचं चक्र म्हणजे माझ्या वडिलांच्या सायकलची रिम आहे. तारा काढून टाकल्या, काथ्या गुंडाळला आणि त्यात मोरपंखीच्या डहाळ्या खोचतो. फरची झाडं सोलापुरात कुठून आणायची! मोरपंखी आठ दिवसांत तपकिरी पडते, म्हणून दर शनिवारी नवीन. ती खोचायचं काम मुलांचं. एका वर्षी हौसेनं रिम पाळण्याच्या कडीला टांगली, तर मेण थेट आजीच्या चादरीवर. तेव्हापासून ती परातीत ठेवतो, आणि परातीत बोटभर पाणी. पंखा बंद. पेटवणारं मूल आणि विझवणारं मूल वेगळं ठेवा, नाही तर भांडण ठरलेलं. रोज संध्याकाळी एक ओळ वाचायची, एक कडवं म्हणायचं, प्रभूची प्रार्थना, झालं. लांबवलं तर तिसऱ्या दिवशी मुलं अभ्यास आठवल्याचं नाटक करतात.

रंगाचं एवढं मनावर घेऊ नका. जांभळा पश्चात्तापाचा आणि राजाचा, काही ल्युथरन मंडळ्या निळा वापरतात, तिसऱ्या रविवारी कुठे कुठे गुलाबी. यावरून कमिटीत भांडू नये.

कॅरलचं बघा. पूर्वी मी त्याच्या विरुद्ध बोलत असे: नाताळ आलेला नसताना 'जन्मला, जन्मला' का गाता? तरुण संघाची मुलं माझ्यापासून लांब पळायची. आता मी त्यांच्यापुढे एवढीच मागणी ठेवतो की फेऱ्या तिसऱ्या रविवारनंतर सुरू करा आणि प्रत्येक घरी पहिलं गीत वाट पाहण्याचं म्हणा. ऐकतात. ढोलकी जरा जोरातच असते, पण ऐकतात. तुमच्या घरी फेरी येईल तेव्हा लाडू देण्याआधी त्यांना एक मिनिट शांत बसवून घरातल्या आजारी माणसासाठी प्रार्थना करायला सांगा. त्या वयाच्या मुलांना असं कुणी सांगत नाही आणि त्यांना ते आवडतं. फराळाचं म्हणाल तर शंकरपाळे लाटताना मनातल्या मनात दहा आज्ञा म्हणता येतात. बायको म्हणते चोरी करू नको पर्यंत एक परात होते.

एक गोष्ट आणखी. घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, किंवा झोप उडाली असेल, भूक मेली असेल आणि हे नाताळपुरतं नसून महिनोन्महिने चाललं असेल, तर तो कोरडेपणा वहीनं जाणार नाही. डॉक्टरांना दाखवा. ते दाखवणं हाही विश्वासच आहे.

चौथ्या रविवारविषयी मला स्वतःला सगळ्यांत जास्त ओढ आहे, तेवढं सांगतो. जुन्या उपासनाक्रमात त्या दिवशीचं सुरुवातीचं वचन यशया ४५ मधलं आहे: आकाशानं वरून पाझरावं, ढगांनी नीतिमत्त्वाचा वर्षाव करावा, पृथ्वी उघडावी आणि तारण उगवावं. युरोपातल्या लोकांना त्यात काय दिसत असेल कोण जाणे. माझ्या वडिलांची मोहोळकडे थोडी जिरायत होती. शाळू पेरायचे, मालदांडी. तुम्हाला माहीत आहे, रब्बीच्या ज्वारीला पाऊस जवळजवळ नसतोच. ती जमिनीतल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर येते. डिसेंबरात रात्री मी त्यांच्याबरोबर जागलीला जायचो. पहाटे माळ्यावरून उतरलं की पोटरीपर्यंत पाय ओले व्हायचे, आणि ताटं पाण्यानं भरल्यासारखी जड. पाऊस पडलेला नसायचा. कुणी पाणी दिलेलं नसायचं. वडील हात फिरवून म्हणायचे, "आलं." मत्तयाच्या वर्षी तिसऱ्या रविवारी याकोबाच्या पत्रातला शेतकरी येतो, पावसाची धीरानं वाट पाहणारा, तेव्हाही मला तेच शेत दिसतं.

चोवीसच्या रात्री जरा लवकर या. आगमनकाळाचे चारही रविवार आपण देवदूतांचं गीत म्हणत नाही, हे कदाचित तुमच्या लक्षात आलं नसेल. ते जाणूनबुजून राखून ठेवलेलं असतं. हल्लेलूया चालू असतं, पण 'ऊर्ध्वलोकी देवाला गौरव' बंद. ते त्या रात्री पहिल्यांदा उठतं. आमच्याकडे पेटीवर तोच भाऊ असतो. भाता आता पुन्हा फुसफुसतोय, यंदा दुरुस्तीला द्यावा लागेल, आणि पावती मी स्वतः फाईलला लावणार आहे.